रुग्णाच्या उशाशी दिवा

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे परके शब्द आपल्या ओसरीवरून माजघरापर्यंत आले आणि घरचेच होऊन राहिले, त्यांत ‘सोनोग्राफी’ हा एक होय. सुनेला दिवस गेले की सोनोग्राफी, मूतखड्याची कळ उठली की सोनोग्राफी, पित्ताशयाचा संशय आला तरी सोनोग्राफीच. आमच्या शेजारची तेलुगू मंडळी तिला ‘स्कॅनिंग’ म्हणतात, आम्ही मराठी माणसे सोनोग्राफी म्हणतो. पण चित्र दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच उभे राहते. एक अंधारी खोली, बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या बायाबापड्या, भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही अशी सरकारी पाटी, आत एक तज्ज्ञ डॉक्टर आणि तासा-दोन तासांनी हाती पडणारा छापील अहवाल.

या चित्रात अलीकडे एक मोठा पालट होत आहे. रुग्णाने यंत्राकडे जाण्याऐवजी यंत्रच रुग्णाच्या खाटेशी येऊ लागले आहे, आणि ते चालविणारा डॉक्टर क्ष-किरण शाखेचा नसून अपघात विभागात रात्रपाळी करणारा पंचविशी-तिशीतला निवासी डॉक्टर आहे. आपत्कालीन वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या या तरुणांना सोनोग्राफी शिकवावी काय, किती शिकवावी, आणि शिकविल्यावर ती कोणत्या बंधनांत वापरू द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता डॉक्टरांचा आपसांतला वाटतो. तो तसा नाही, तो आपल्या घरादाराचाही आहे. म्हणून या महिन्याचे लेखन त्यावर करावे असे आम्ही योजिले आहे.

आम्हांस तो जवळचा वाटण्याचे कारण आमच्या मुलखात आहे. आमचे तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे गाव. कापसाचा हा मुलूख. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्हा. २००८ साली आदिलाबादेस राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘रिम्स’, सुरू झाली आणि जिल्ह्यास प्रथमच वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार लाभला. तत्पूर्वी जड दुखणे म्हणजे एक तर दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटर हैदराबाद, नाही तर उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटर नागपूर, किंवा मग यवतमाळ-सेवाग्रामची वाट. आजही अतिगंभीर रुग्णास घेऊन यांपैकी एखादी वाट धरावी लागतेच. ट्रॅक्टर उलटलेला, मोटारसायकलवरून फेकला गेलेला, बैलाने पोटात शिंग मारलेला, झाडावरून पडलेला माणूस जेव्हा आणला जातो, तेव्हा ‘याला येथेच ठेवावे की पुढे पाठवावे’ हा निर्णय काही मिनिटांत करावा लागतो. तो निर्णय चुकला तर माणूस वाटेत दगावतो. या एका निर्णयाशी आमचा आजचा विषय बांधलेला आहे.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. ओल्या विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो, हे खेड्यातल्या प्रत्येक पोरास ठाऊक असते. हाक आणि प्रतिध्वनी यांमधील वेळ मोजता आला तर पाणी किती खोल आहे ते सांगता येईल. सोनोग्राफीचे सारे शास्त्र या हाकेत सामावले आहे. फरक इतकाच, की ही हाक मानवी कानाला ऐकू येत नाही. आपल्या कानाची धाव सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत. सोनोग्राफीचा ध्वनी सेकंदाला वीस लाखांपासून एक कोटी आणि त्याहूनही अधिक कंपनांचा. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, यकृत, मूत्रपिंड, हृदय यांच्या सीमांवर आदळून परततो, आणि परतीच्या वेळेवरून यंत्र पडद्यावर चित्र रेखाटते. द्रव पदार्थातून ध्वनी न अडखळता पार होतो, सबब पाणी व रक्त पडद्यावर काळे दिसते. हवा मात्र त्याची वैरीण. त्वचा व यंत्राचा दांडा यांमध्ये हवेचा पापुद्राही राहू नये म्हणूनच तो थंडगार चिकट लेप पोटास लावतात.

या हाकेचा इतिहासही मनोरंजक आहे. १८८० साली फ्रान्समध्ये झाक आणि प्येर क्युरी या बंधूंनी असे दाखविले, की काही स्फटिक दाबले असता त्यांच्यावर विद्युत्भार उत्पन्न होतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांझव्हँ याने हा गुण उलट अंगाने वापरून पाण्याखालच्या पाणबुड्यांचा माग काढण्याची युक्ती योजिली. पुढे बॉयलरच्या पोलादात अदृश्य भेगा आहेत काय ते पाहण्यासाठी कारखान्यांत अशी यंत्रे आली. १९५५ साली ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनल्ड हे अशा एका बॉयलरच्या कारखान्यात शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी घेऊन गेले आणि पोलादाऐवजी त्यांवर ते यंत्र लावून पाहिले! १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती अशा एका स्त्रीच्या पोटात वस्तुतः अंडाशयाची साधी गाठ आहे, असे या यंत्राने दाखविले. गाठ काढली आणि बाई बरी झाली. युद्धासाठी जन्मलेली विद्या अशी बाळंतिणीच्या खोलीत आली.

तेथून ती अपघात विभागात येण्यास आणखी काही दशके जावी लागली. पोटाला मुका मार लागलेल्या रुग्णाची अडचण अशी असते, की बाहेर ओरखडाही नसतो आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटून रक्त साचत असते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. त्यातले लिटर-दीड लिटर पोटाच्या पोकळीत गेले तरी पोट फारसे फुगत नाही. त्यातही तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब सावरून धरते आणि मग एकाएकी ढासळते. ‘आत्ता तर बोलत होता!’ हा अशा घरातला आक्रोश आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला असेल. १९६५ पासून यावर एक उपाय होता: पोटाला छेद देऊन नळी घालायची, सलाईन सोडायचे आणि बाहेर येणारे पाणी तांबडे आहे काय ते पाहायचे. उपाय खात्रीचा, पण छेद द्यावा लागतोच. सी.टी. स्कॅन उत्तम, परंतु ज्याची नाडी हाती लागत नाही अशा रुग्णास त्या बोगद्यात ढकलणे म्हणजे मृत्यूच्या हवाली करणे होय.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भीषण भूकंप झाला. जखमींच्या रांगा लागलेल्या रुग्णालयात तेथील डॉक्टरांनी तीन दिवसांत सुमारे चारशे जणांच्या पोटाची सोनोग्राफी करून कोणास आधी शस्त्रक्रियेला घ्यावयाचे ते ठरविले. नव्वदच्या दशकात या पद्धतीला शिस्त लागली आणि ‘फास्ट’ या आद्याक्षरी नावाने ती जगभर गेली. तिच्यात चार जागा पाहावयाच्या असतात: उजवीकडे यकृत व मूत्रपिंड यांमधली खाच, डावीकडे प्लीहेभोवतालची जागा, ओटीपोटात मूत्राशयामागची पोकळी आणि छातीच्या हाडाखालून हृदयाभोवतीचे आवरण. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच, ‘येथे काळी रेघ आहे की नाही?’ पाव ते अर्धा लिटर रक्त साचले की शिकलेल्या हाताला ते दिसू लागते, आणि साऱ्या तपासणीस चार-पाच मिनिटे पुरतात. रुग्णाला हलवावे लागत नाही, सलाईन थांबवावे लागत नाही, किरणांचा संसर्गही नाही.

पुढे या चार जागांत छातीची भर पडली. फुफ्फुसात हवा असते, म्हणून सोनोग्राफीला तेथे काम नाही, असे पूर्वी पाठ्यपुस्तके सांगत. फ्रान्समधील अतिदक्षता विभागाचे डॉक्टर दानिएल लिश्टेनश्टाइन यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवून दिले, की हवेचीही एक भाषा असते. निरोगी फुफ्फुस श्वासागणिक छातीच्या अस्तरावरून घसरताना दिसते. छातीत हवा शिरून फुफ्फुस दबले तर ही घसरण थांबते. आणि फुफ्फुसात पाणी झाले तर पडद्यावर वरून खाली झरझर उतरणाऱ्या उभ्या रेघा उमटतात. २००८ साली त्यांनी दम लागलेल्या रुग्णाच्या परीक्षेची पद्धतशीर रीत प्रसिद्ध केली. म्हाताऱ्या आजोबांना मध्यरात्री धाप लागली, तर ती दम्याची की हृदय थकल्याने फुफ्फुसात पाणी झाल्याची, हे ओळखणे फार महत्त्वाचे असते, कारण दोहोंचे औषध वेगळे. तो निवाडा आता उशाशीच होऊ शकतो.

येथवर यंत्राची थोरवी झाली. परंतु शाळामास्तराच्या दृष्टीने खरा विषय यापुढे सुरू होतो, तो म्हणजे शिक्षणाचा. यंत्र विकत आणता येते, नजर आणता येत नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी जुन्या घराण्यांतले मोडी कागद पाहिले असतील, त्यांस आमचे म्हणणे चटकन पटेल. न शिकलेल्याला मोडीचा कागद म्हणजे कागदावरून मुंग्या चालत गेल्याचा भास; शिकलेल्याला त्याच मुंग्यांत वतन, वहिवाट, कर्ज, फारकत सारे वाचता येते. सोनोग्राफीचा पडदा तसाच आहे. करड्या ठिपक्यांच्या त्या वादळात मूत्रपिंड कोठे, यकृताची कड कोठे आणि त्या दोहोंमधली ती सुतासारखी काळी रेघ खरी की सावली, हे कळावयास अक्षर गिरवावे लागते. त्याला घोकंपट्टीचा उपयोग नाही.

म्हणून निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाला पायऱ्या आहेत. पहिली पायरी यंत्राच्या ओळखीची: खोल पाहण्यासाठी कमी कंपनांचा वक्र दांडा, उथळ शिरा पाहण्यासाठी अधिक कंपनांचा सपाट दांडा, बरगड्यांच्या फटीतून हृदय पाहण्यासाठी लहान तोंडाचा दांडा, कोणता केव्हा घ्यावा, पडद्याचा उजेड किती ठेवावा, खोली किती. दुसरी पायरी निरोगी शरीराची. विद्यार्थी एकमेकांच्या पोटावर दांडा फिरवून शिकतात, कारण जे निरोगी ओळखत नाहीत त्यांना रोग काय ओळखता येणार? शिरेत सुई कशी घालावी याचा सराव जिलेटिनच्या लगद्यात रबरी नळ्या पुरून करता येतो. हे साधन घरगुती खर्चात तयार होते. तिसरी पायरी प्रत्यक्ष रुग्णाची, पण गुरूच्या देखरेखीखाली. चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची: आपण पाहिले ते वहीत नोंदवायचे, चित्र जपून ठेवायचे, आणि मागाहून सी.टी. किंवा शस्त्रक्रियेत जे निघाले त्याच्याशी ते ताडून पाहायचे. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यांच्या संस्थेने २००१ साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. प्रत्येक प्रकारची परीक्षा गुरूकडून तपासून घेत निदान २५ ते ५० वेळा केल्यावाचून विद्यार्थी तयार झाला असे मानू नये, असा तिचा दंडक आहे. संख्या हे काही शहाणपणाचे माप नव्हे. तथापि गिरवण्याला पर्याय नाही, एवढे ती सांगते.

आपल्या देशात २००९ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकास एम.डी.ची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. २०२० पासून परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला असून त्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात खाटेशी करावयाच्या सोनोग्राफीला स्थान आहे. कागदावर हे ठीकच. पण आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ज्या विभागात शिकविणाऱ्यांनाच ही विद्या मागाहून, तुकड्या-तुकड्यांनी मिळाली, तेथे विद्यार्थी दोन दिवसांच्या कार्यशाळेवर भागवितो आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावतो. कार्यशाळा ही अक्षरओळख होय, वाचन नव्हे. दर आठवड्यास वह्या तपासणारा, ‘ही चुकली, पुन्हा बघ’ असे म्हणणारा गुरू विभागात असल्याखेरीज हे शिक्षण पुरे होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीस-पस्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहणारा कोणताही शिक्षक यास दुजोरा देईल.

आणखी एक धडा या विद्येत प्रारंभीच शिकवावा लागतो, तो म्हणजे ‘नाही’ या उत्तराची किंमत. काळी रेघ दिसली तर रक्त आहे असे बहुधा म्हणता येते; पण दिसली नाही म्हणजे इजा नाही असे म्हणता येत नाही. आतड्यास भोक पडले असेल, रक्त अजून साचावयाचे असेल, पोटामागच्या जागेत झिरपत असेल. म्हणून रुग्णाचा रंग, नाडी, घाम पाहत राहावे आणि तासाभरात दांडा पुन्हा लावावा. यंत्राने ‘ठीक’ म्हटले म्हणून डोळे मिटून घेणारा डॉक्टर यंत्र नसलेल्या डॉक्टरपेक्षा अधिक धोक्याचा.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. वैद्यकाची सारी परंपरा मात्र जे हातच्या कांकणासारखे उघडे नाही ते जाणण्याची धडपड आहे. ऑस्ट्रियातील आउएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य कोठवर आहे ते बाहेरून टिचकी मारून ओळखण्याची रीत त्याने छातीला लावली आणि १७६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. १८१६ साली लाएनेकने कागदाची सुरळी करून एका स्त्रीच्या छातीला लावली, तिचा पुढे स्टेथॉस्कोप झाला. आज ज्या नळीवाचून डॉक्टरची कल्पना करवत नाही, तिच्याविषयीही तेव्हा नाके मुरडली गेलीच.

पण या परंपरेचा सर्वांत जवळचा दाखला आपल्याच मराठी मुलखात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुले फुफ्फुसात पाणी होऊन मरत होती. तेथे ना सोनोग्राफी, ना अतिदक्षता विभाग. त्यांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीचा या दंशावर उपयोग होतो हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फुफ्फुसातल्या ज्या पाण्याच्या रेघा आजचा निवासी डॉक्टर पडद्यावर पाहतो, ते पाणी बावस्करांनी खाटेशी बसून, डोळ्यांनी व कानांनी ओळखले. नवे यंत्र हाती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ही हकीकत आधी सांगावी. दिवा कितीही प्रखर असो, तो घेऊन उशाशी बसण्याची तयारी हवी.

आता या विषयाची दुखरी बाजू. एवढी उपयोगाची विद्या, तर हे यंत्र प्रत्येक सरकारी दवाखान्यात, प्रत्येक १०८ च्या गाडीत का नाही? हाताच्या पंजात मावणारी, मोबाईलला जोडता येणारी यंत्रे आज बाजारात आहेत. १०८ ची सेवा अविभक्त आंध्रात १५ ऑगस्ट २००५ पासून धावते आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून. मग अडचण कोठे आहे? अडचण कायद्याची आहे, आणि त्या कायद्याचे मूळ आपल्या समाजाच्या एका पापात आहे.

ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याची प्रथा मुंबईत उघड जाहिराती देऊन चालत होती. स्त्री-संघटना आणि विचारी डॉक्टर यांनी आवाज उठविला आणि १९८८ साली महाराष्ट्राने याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला, तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तोवर गर्भजल परीक्षेची जागा सोप्या सोनोग्राफीने घेतली होती. मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३ साली कायदा अधिक कडक झाला. तरीही आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली त्या केवळ ८०७ होत्या. हे आकडे अडाणी दरिद्र्यांनी घडविले नाहीत. दवाखान्याची पायरी, यंत्र आणि त्याची फी परवडणाऱ्या घरांनी ते घडविले. आपल्या मुलखाबाहेर राहणाऱ्या मराठी घरांनीही त्यांत स्वतःला वगळण्याची घाई करू नये.

या कायद्यान्वये प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि ते वापरण्याच्या जागेची नोंदणी लागते, मग ते पोटातील रक्त पाहण्यासाठी का असेना. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा विहित नमुन्यातील तक्ता भरावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने हलके, नेता-आणता येणारे यंत्र ज्या वास्तूसाठी नोंदलेले असेल त्या वास्तूबाहेर नेण्यावर निर्बंध आले. फिरत्या वैद्यकीय पथकांना तेवढी अटींवर सवलत. २०१४ च्या नियमांनी सोनोग्राफी करू इच्छिणाऱ्या एम.बी.बी.एस. डॉक्टरास सहा महिन्यांचे, तीनशे तासांचे प्रशिक्षण घालून दिले. या साऱ्याचा परिणाम असा, की अपघात विभागाचा प्रमुख यंत्र मागण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो आणि पुष्कळ ठिकाणी यंत्र कुलुपात व रुग्ण खाटेवर अशी स्थिती होते.

यावर काही डॉक्टर संतापून म्हणतात, की हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे झाले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. कागदोपत्री किरकोळ उणीव राहिली म्हणून यंत्राला टाळे लागल्याची तक्रार ते करतात. २०१६ साली क्ष-किरण तज्ज्ञांनी याच मुद्द्यावर देशव्यापी संप केला होता. दुसरीकडे क्ष-किरण तज्ज्ञांची आणखी एक शंका अशी, की अर्ध्या शिकलेल्या हाती हे यंत्र म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तीही खोटी नाही.

आमच्या मते दोन्ही बाजूंत एक गोष्ट निसटते आहे. आपत्कालीन डॉक्टर क्ष-किरण तज्ज्ञाचा धंदा हिरावून घेत नाही. तज्ज्ञ विचारतो, ‘या पोटात काय काय आहे?’ आपत्कालीन डॉक्टर विचारतो, ‘रक्त आहे की नाही, हृदय चालते की नाही, फुफ्फुस सरकते की नाही?’ पहिल्याला चित्र पुरे हवे, दुसऱ्याला निर्णय तातडीने हवा. खेड्यातील पोस्टमनने पत्त्यापुरते अक्षर वाचले म्हणून तो पंडिताचा प्रतिस्पर्धी होत नाही.

कायद्याविषयी आमचे मत याहून सावध आहे. तो सैल करा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजाने तीन दशकांत आपल्या लेकींची संख्या अशी घटविली, त्याने ‘आता आमच्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणण्यापूर्वी थोडी लाज बाळगावी. पण कुलूप घालणे म्हणजे राखण नव्हे. आज प्रत्येक यंत्र आपण पाहिलेले चित्र, वेळ आणि तारीख स्वतःत साठवू शकते. अपघात विभागातील यंत्राची प्रत्येक तपासणी अशी साठविलेली असावी, ती नियमाने तपासली जावी, प्रशिक्षित निवासी डॉक्टरांची नावे नोंदलेली असावीत, आणि शिक्षणाच्या वहीत कायद्याचा धडा शरीराच्या धड्याइतकाच सक्तीचा असावा. विद्यार्थ्याची वही आणि सरकारची वही एकच होऊ शकते. गुरू जी चित्रे चुका शोधण्यासाठी पाहतो, तीच तपासनीस गुन्हा शोधण्यासाठी पाहील. असे झाले तर रक्तस्रावाने मरणारा तरुण आणि गर्भात मारली जाणारी मुलगी, यांपैकी एकाचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा सोडावा लागणार नाही.

शिवाय विसरू नये, की या यंत्राची सर्वाधिक गरज स्त्रियांनाच आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला आणि नळी फुटली, तर तरुण स्त्री पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन तासाभरात जाऊ शकते. चक्कर आली, पोट दुखते, एवढ्यावर घरची माणसे तिला लिंबूपाणी देऊन निजवितात. अपघात विभागात दांडा लावताच काळी रेघ दिसते आणि ती थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते. ज्या यंत्राने लेकी नाहीशा केल्या, तेच आया वाचवू शकते.

मग आपण घरच्यांनी काय करावे? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे चार गोष्टी. अपघाताच्या रुग्णास आणल्यावर तरुण डॉक्टर खाटेशीच पोटावर यंत्र लावू लागला, तर ‘मोठ्या डॉक्टरांना बोलवा’ म्हणून त्याचा हात धरू नये. ती चार मिनिटे रुग्णाची आहेत. ‘सोनोग्राफीत काही निघाले नाही’ असे ऐकून रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये. दुसऱ्यांदा तपासू द्यावे. घरात कोणी वैद्यकीचे शिक्षण घेत असेल, तर त्याला पदवी कोठली व पगार किती एवढेच न विचारता, वही कोण तपासतो हेही विचारावे. आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत सोपी व सर्वांत कठीण आहे: यंत्र हाती असलेल्या कोणत्याही डॉक्टरास, ओळखीने, आडून, थट्टेनेसुद्धा, ‘काय आहे हो?’ असे विचारू नये. तो प्रश्न विचारणारी जीभ जोवर आपल्या घरात आहे, तोवर त्या यंत्राला कुलूप राहणार, आणि त्याची किंमत कधीतरी आपल्याच एखाद्या मुलाला सडकेवर मोजावी लागणार.